दोराच्या टोकावरची मुलगी

सत्तरचे दशक संपत आले होते. महानगरपालिकेच्या आमच्या मुलींच्या शाळेत जाड मुलगी एकच होती. हा अंदाज नाही. सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या वर्गांच्या रांगा एकाच पटांगणात लागत आणि व्हरांड्यातून पाहणाऱ्याला ती ताबडतोब दिसे. बाकी आम्ही सगळ्या काटक्या. शाळेत तपासणीला येणारे डॉक्टर डोळ्यांची पापणी खाली ओढत, नखे पाहत, बोटांच्या बेचक्यांत खरूज शोधत आणि मुलगी फारच वाळलेली दिसली तर गूळ-शेंगदाणे खायला सांगत. जाडीबद्दल त्यांना काही विचारायचे नसे. तिच्यापाशी आले की ते पाठ थोपटत आणि म्हणत, "हिची तब्येत चांगली आहे." पुढची मुलगी.

तब्येत चांगली म्हणजे अंग भरलेले, असाच अर्थ तेव्हा सगळीकडे होता. तिच्या वडिलांचे शाळेच्या रस्त्यावरच नाश्त्याचे हॉटेल होते. सकाळी तर्री-पोहे, दुपारनंतर आलूबोंडे. गल्ल्यामागच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या ओळीत तिचा एक फोटो होता. सुदृढ बालक स्पर्धेत पहिली आली तेव्हाचा, मांडीवर न मावणाऱ्या बाळाचा. गिऱ्हाइके आधी फोटो पाहत, मग शाळा सुटून आलेल्या तिला. "शेटजी, पोरीले अजून एक बोंडा द्या ना, पाहू किती खाते!" कोणीतरी पैज लावी. ती खाई. लोक खूश, वडील खूश. भुकेचा प्रश्न त्यात कुठेच नव्हता.

पुढे वीस-पंचवीस वर्षांनी, वर्तमानपत्रात काम करत असताना, एका बातमीसाठी त्याच शाळेत जावे लागले. तेव्हा जवळपास प्रत्येक वर्गात तिच्यासारखी एखादी मुलगी होती. फाटकासमोर तळलेल्या पदार्थांच्या रंगीत पुड्यांच्या माळा लटकत होत्या, पटांगणाच्या अर्ध्या भागात नव्या खोल्या उठल्या होत्या आणि संध्याकाळी मुली खेळायला उतरत नाहीत, टीव्हीसमोर बसतात, अशी तिथल्या शिक्षिकांची तक्रार होती. कुणाला त्यांचे नवल वाटत नव्हते. आमच्या वेळी मात्र ती एक नवलच होती, आणि नवलाच्या वाट्याला येते ते सगळे तिच्या वाट्याला आले होते. सातवीच्या वर्गाची पुढारी असलेल्या उंच मुलीने तिला 'ढोली' म्हणायला सुरुवात केली होती. खो-खोत तिला कोणी घेत नसे. लंगडीत ती नुसती टाळ्या वाजवायला बसे.

त्या हिवाळ्यात शालेय स्पर्धांत मुलींची रस्सीखेच पहिल्यांदाच ठेवली गेली. आमच्या पी.टी.च्या बाईंनी शाळेच्या विहिरीचा जुना दोर काढला आणि आम्हाला पटांगणात चार-चार असे दोन्ही बाजूंना उभे केले. आमची बाजू सारखी हरत होती. उंच मुलगी वैतागली आणि कट्ट्यावर बसलेल्या हिच्याकडे पाहून ओरडली, "बाई, ढोलीले बांधा ना आमच्या मांगं! खुंट्याचं काम तरी करन!"

सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हिला बोलावले, दोराचे टोक तिच्या काखेतून पाठीवर आणि खांद्यावरून पुढे असे घेतले आणि तिच्या हातात दिले. "टाच रोव. मागे झुक. बस, इतकंच." मग त्यांनी समोरच्या बाजूला आणखी दोघी दिल्या.

शिट्टी वाजली. समोरच्या सहा जणींनी ओढले. दोर ताणला, करकरला आणि जागेवरच राहिला. आमचे हात दोरावर होते, पण जोर कुठून येतो आहे ते हातांना कळत होते. मग ती एक पाऊल मागे सरली. पुन्हा एक. समोरच्या सहा जणी पायांनी माती नांगरत आमच्याकडे येऊ लागल्या. पटांगणात एकदम गलका झाला. चौथीच्या लहान मुलीसुद्धा वर्ग सोडून व्हरांड्यात आल्या. "अवं, पाहा ना वं, खुंटा चालून राहिला!" असे कोणीतरी किंचाळले. ती घामाने निथळत होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता. तिला हसताना आम्ही अनेकदा पाहिले होते. चिडवले की ती हसे. हे हसणे निराळे होते.

"मले घेता बाई?" तिने विचारले. "खरंच घेता?"

बाई म्हणाल्या, "घेतलं."

नियम नंतर कळला. संघ आठ जणींचा आणि आठ जणींचे मिळून वजन तीनशे वीस किलोच्या आत. बाईंनी कागद दोनदा वाचून दाखवला. शाळेत वजनाचे यंत्र नव्हते. डॉक्टरांचे यंत्र डॉक्टरांबरोबर जाई. आमच्यातल्या एकीचे वडील इतवारीच्या धान्यबाजारात हमाल होते. त्यांनी धान्य तोलणाऱ्या मापाऱ्याला विचारून ठेवले आणि शाळा सुटल्यावर आम्ही सगळ्या रांगेने तिकडे गेलो.

गव्हाच्या थप्पीजवळ छताला साखळीने टांगलेला मोठा काटा होता. एका पारड्यात वजने, दुसऱ्या पारड्यात आम्ही, एकेक करून, मांडी घालून. पारडे हलले की हसू आवरत नसे. मापारी पोरगेलेसे नव्हते, पिकल्या मिशांचे होते, आणि आकडा ते सुरात गाऊन सांगत. आकडा जमिनीवरच्या धुळीत बोटाने लिहीत बाई बसल्या होत्या. हिची पाळी आली तेव्हा हमाल काम टाकून गोळा झाले.

"गुळाची भेली आणा गा! तुला करून टाकू पोरीची!"

"भेलीनं काय होते? अख्खी गाडी लागन!"

ती पारड्यात बसली, साखळ्या धरून, मान ताठ ठेवून. आठही जणींची बेरीज झाली आणि बाईंनी बोट धुळीवरच ठेवले. दोन किलो जास्त.

"दोन किलो तर मी उतरवीन," ती पारड्यातून पाय खाली सोडत म्हणाली. कोणी सांगायच्या आतच म्हणाली.

त्यानंतरचे दिवस धांदलीचे होते. जी वस्ती तिला खाताना पाहून मजा घेत होती, तीच आता ती खात नाही ना यावर पहारा देऊ लागली. हॉटेलातली गिऱ्हाइके तिच्या वडिलांवर डोळे वटारत. "शेटजी, बोंडा तिच्यापासून दूर ठेवा बरं, शाळेची इज्जत आहे!" वडील कढईसमोर उभे राहून हात जोडत. ती शाळेतून हॉटेलात यायची, कढईकडे पाठ करून बसायची आणि संत्री सोलून खायची. सकाळी पटांगणाला फेऱ्या मारायची. पहिल्या दिवशी ती अर्ध्यातच बसली. पुढे पुढे ती बसेनाशी झाली आणि तिच्याबरोबर पळताना आम्हालाच दम लागू लागला.

अडचण तिच्या आईची होती. लेकीचा फ्रॉक कमरेत सैल झालेला पाहून आईने मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या आणि शाळेत येऊन बाईंना गाठले.

"काय करून राहिल्या बाई माझ्या पोरीले? लोक म्हणून राहिले, दुखणं लागलं का हिले? इतक्या वर्षांची तब्येत हो, एका दोरासाठी घालवता?"

"आई, दुखणं नाही. स्पर्धा आहे."

"स्पर्धेत तर ती वर्षाची असतानाच पहिली आली! तेव्हा कोणी उपाशी ठेवलं नाही तिले."

लेक मध्ये आली. "आई, तेव्हा तू मांडीवर घेऊन बसली होती. मी काय केलं होतं त्यात? आता मी करून राहिली. मले करू दे." आई पदर खोचून घरी गेली. त्या दिवसापासून डब्यात दोन भाकरींच्या जागी एक आणि बाकी जागेत मुळ्याच्या चकत्या येऊ लागल्या. पण दृष्ट काढणे तिने थांबवले नाही.

आम्ही पुन्हा इतवारीत गेलो. तोच काटा, तेच मापारी, तेच गाणे. बाईंनी धुळीत बेरीज केली, पुसली, पुन्हा केली. तीनशे अठरा. नियमाच्या दोन किलो आत. आम्ही धान्याच्या पोत्यांवर चढून नाचलो आणि हमालांनी आम्हाला खाली उतरवले. उंच मुलीने हिच्या पाठीवर थाप मारली. "वा वं ढोली!" नाव तेच होते, पण आवाज बदलला होता.

स्पर्धा कामठी रोडवरच्या मैदानावर होती. दोरीने आखलेली मैदाने, कनात, लाऊडस्पीकर, शहरातल्या आणि आसपासच्या शाळांचे घोळके. आमची गाठ खापरखेड्याहून आलेल्या संघाशी होती. वीज केंद्राच्या वसाहतीतल्या मुली, सगळ्या एकसारख्या निळ्या पोशाखात, पायांत कॅनव्हासचे बूट. आम्ही अनवाणी. त्यांचे वजन आमच्या आधी झाले आणि नियमाला अगदी भिडून बसले. मग आम्ही लोखंडी चौथऱ्याच्या यंत्रावर एकेक चढलो. पंचांनी बेरीज केली.

"तीनशे सव्वीस."

बाई म्हणाल्या, "पुन्हा करा."

पंचांनी पुन्हा केली. तीनशे सव्वीसच. बाईंचा चेहरा उतरला. पंच म्हणाले, संघात बदल करायचा असेल तर तुमच्या आधीचा पहिला सामना संपेपर्यंत करा, नाहीतर तुम्ही बाद. राखीव म्हणून आमच्याकडे एकच मुलगी होती, सहावीतली, तीस किलोची.

आम्ही कनातीच्या मागे गोळा झालो. कोणी काही बोलायच्या आधी सगळ्यांच्या नजरा हिच्याकडे गेल्या. ती साठ किलोची होती. गणित कोणालाही करता आले असते.

"तू चोरून खाल्लं ना वं?" उंच मुलगी तिच्यावर धावून गेली. "खरं सांग! तुझ्यापायी झालं हे!"

"नाई खाल्लं. शपथ."

"मग आठ किलो कुठून आले? हवेतून?"

बाई हळूच म्हणाल्या, "बाळा, तुझी चूक असो-नसो, तुला बसावं लागेल. दुसरा इलाज दिसत नाही." त्यांनी सहावीतल्या मुलीला पुढे बोलावले. हिच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती जागची हलली नाही.

तेवढ्यात तिचे वडील आले. डोक्यावर आलूबोंड्यांची टोपली, जिंकल्यावर वाटायला आणलेली. काय झाले ते त्यांना तीन-चार तोंडांनी एकदम सांगितले गेले. त्यांनी टोपली खाली ठेवली.

"तुम्ही तोललं कुठं होतं?"

"इतवारीत. धान्याच्या काट्यावर."

ते हसत सुटले, पोट धरून, आजूबाजूचे वळून पाहू लागेपर्यंत. "अवं बाई, तिथं गहू असो का माणूस असो, मापारी बारदाना कापूनच आवाज देते! पोत्याचं एक किलो कमी करून. त्याच्या तोंडात तेच बसलं आहे. मी तिथूनच बेसन घेतो ना! त्यानं तुम्हाले पोतं समजून एकेक किलो कापलं!"

बाईंनी कपाळाला हात लावला. एकेकीच्या तोंडावर हसू आणि रडू एकाच वेळी आले. आठ मुली, आठ पोती, आठ किलो. पण कारण कळल्याने वजन कमी होणार नव्हते. यंत्राचा आकडा तीनशे सव्वीसच होता आणि तिकडे पहिला सामना सुरूही झाला होता.

"चल बाळा," बाई म्हणाल्या, "वेळ नाही."

"मी नाई निघत," ती म्हणाली.

असे ती कधी कोणाला बोलली नव्हती. आम्ही सगळ्या वळलो.

"काहून निघू मी?" ती एकेकीकडे बोट करत म्हणाली. "मापाऱ्यानं माझं एक किलो कापलं. हिचं पण एक कापलं, तिचं पण एक. सगळ्याईचं एकेक चुकलं. माझ्या एकटीचं आठ नाई चुकलं बाई! मले दोन किलो उतरवायचे होते, ते मी उतरवले. जास्तच उतरवले. मग मीच काहून?" आणि मग नाक पुसून, जरा खाली आवाजात, "आन् मी निघाली तर तुम्ही त्या निळ्या पोट्ट्याईले ओढणार कशानं?"

उंच मुलगी बोटांवर काहीतरी मोजत होती.

"बाई," ती म्हणाली, "हे बराबर म्हणून राहिली. हिले काढली आन् सहावीची घेतली तर आपण वीस-पंचवीस किलोनं हलके होतो. ते तर आपल्याले उचलून नेतीन. दुसरी कोणी काढा. सहा किलो कमी व्हायला सदतीस-अडतीसवाली निघाली तरी पुरते."

बाईंनी आमच्यावरून नजर फिरवली. मी सदतीस किलोची होते आणि मधल्या जागेवर उभी राहत होते. "तू," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. मधल्या जागेवर माझा उपयोग सर्वांत कमी होता. त्या निवडीत चूक नव्हती. पुन्हा वजन झाले. तीनशे एकोणीस. पंचांनी मान डोलावली. सहावीतली आत गेली आणि मी दोरीच्या बाहेर, तिच्या वडिलांच्या शेजारी, टोपलीजवळ उभी राहिले. त्यामुळे पुढचे सगळे मला नीट दिसले.

तीन खेचींपैकी दोन जिंकायच्या होत्या. पहिली खेच बघता बघता गेली. निळ्या मुलींनी शिट्टीबरोबर एकच झटका दिला, आमच्या पुढच्या दोघी तोंडावर पडल्या आणि टोकावरची ती सावरायच्या आत दोराच्या मध्यावर बांधलेला लाल रुमाल रेषेपलीकडे गेला. खापरखेड्याच्या बाजूने मुले नाचू लागली. "अबे, हत्तीन आणली बे यांनी, तरी हरले!"

तिच्या वडिलांनी माझा दंड धरला.

बाजू बदलल्या. तिने दोर खांद्यावरून पुन्हा घेतला, हात मागे करून ओढून पाहिला आणि पुढच्या सातजणींना काहीतरी सांगितले. नंतर कळले ते इतकेच होते: तुम्ही ओढू नका, नुसत्या धरून ठेवा, मी सांगते तेव्हा ओढा. शिट्टी झाली. झटका आला. ती जवळजवळ बसलीच, टाचा मुरमात रुतल्या आणि दोर थांबला. निळ्या मुलींनी दुसरा झटका दिला. थांबला. तिसरा. थांबला. लाल रुमाल रेषांच्या मध्ये थरथरत होता आणि मैदानावरचे इतर खेळ सोडून लोक आमच्या दोरीकडे पळत येत होते. मी काय ओरडत होते ते मला ऐकू येत नव्हते. मग निळ्यांपैकी एकीने मूठ सोडून हात झटकला, आणि आमच्या टोकावरून ती गर्जली, "आता!"

उंच मुलीने हाळी दिली, "जोर लगाके!" आणि सातजणी एका गळ्याने, "हय्या!" रुमाल आमच्याकडे आला. पुन्हा हय्या. पुन्हा. शिट्टी.

तिसऱ्या खेचीला मैदानावर जागा उरली नव्हती. कनातीतले पाहुणेसुद्धा उठून दोरीपाशी आले होते. हमाल वडील असलेल्या मुलीच्या तळहातातून रक्त येत होते, तिने फ्रॉकला हात पुसला आणि पुन्हा धरला. खापरखेड्याच्या मुली हुशार होत्या, आता त्याही थांबल्या. दोन्ही बाजू धरून उभ्या. कोणीच ओढत नव्हते. नुसता दोर बारीक आवाज करत होता आणि सोळा जणींचे श्वास. तिचे डोळे मिटलेले होते. बराच वेळ असे गेले, आणि मग काही न सांगता तिने एक पाऊल मागे टाकले. अगदी छोटे, टाच उचलून पुन्हा रोवण्याइतके. मग दुसरे.

"अवं, चालून राहिली!" तिचे वडील माझ्या कानात ओरडले. "माझी पोरगी चालून राहिली!"

ती चालतच राहिली. पुढच्या सातजणी तिच्यामागे ओढल्या जाऊ लागल्या, त्यांच्यापुढे रुमाल, रुमालापलीकडे निळ्या मुली, बूट मुरमात घासत, वाकत, बसत. रुमाल रेषेवर आला, ओलांडला, शिट्टी वाजली, टाळ्या पडल्या, लोक आत घुसले. ती थांबली नाही. तिला शिट्टी ऐकूच आली नव्हती. डोळे मिटून, दात आवळून, मान खाली घालून ती मागे मागे जात होती, आणि आमच्या सातजणी नाचत नाचत आणि निळ्या आठजणी आता हसत हसत तिच्यामागे फरफटत होत्या. पंच शिट्टी फुंकत तिच्याबरोबर पळत होते. तिची पाठ कनातीच्या बांबूला लागली तेव्हा कनात एका बाजूने हलली.

"अवं, सोड वं आता!" उंच मुलीने तिच्या खांद्यावरचा दोर काढायचा प्रयत्न केला. "सोड ना, झालं!"

तिने डोळे उघडले आणि आमच्याकडे पाहिले.

"झालं?" तिने विचारले. "मले वाटलं, अजून थोडं ओढावं."